सेल्फसाठीची लेड-ॲसिड बॅटरी: ट्रॅक्टर आणि जनसेटवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेल्फ मारताना बॅटरीतून नेमकं किती जातं?

३५ ते ५० एचपीच्या ट्रॅक्टरचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, साधारण २ ते अडीच किलोवॅटचा असतो. इंजिन फिरत असताना तो २०० ते ३५० अँपिअर ओढतो. दट्ट्या जागचा हलायच्या आधीच्या क्षणाला याच्या दुपटीलाही जातो, पण ते डोळ्याची पापणी लवेपर्यंतच. आता हिशोब करा: ३०० अँपिअर, ५ सेकंद, म्हणजे १५०० अँपिअर-सेकंद. त्याला ३६०० ने भागलं की ०.४२ एएच (अँपिअर-तास). बॅटरी ८८ एएचची असेल तर तिच्यातला अर्धा टक्कासुद्धा गेला नाही. इंजिन लागल्यावर अल्टरनेटर १० अँपिअरने भरत असेल तर तीन मिनिटांत तेवढं परत आलेलं असतं.

म्हणून सेल्फच्या बाबतीत "टाकी किती मोठी" हा प्रश्नच नाही. तोटी केवढी, हा आहे. ३०० अँपिअर वाहत असताना टर्मिनलवर किती व्होल्ट शिल्लक राहतात, त्यावर सगळं ठरतं.

मग एएच बघायचंच नाही का?

बघायचं, पण त्याचा अर्थ समजून. स्टिकरवरचं एएच २० तासांच्या दराने मोजलेलं असतं. १०० एएच म्हणजे ५ अँपिअर २० तास. त्याच बॅटरीतून १०० अँपिअर ओढले तर तास भरत नाही, अर्ध्या-पाऊण तासातच ती बसते. ३०० अँपिअरला तर तो आकडा निरर्थकच होतो. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत जास्त एएच म्हणजे जास्त प्लेटा, आणि जास्त प्लेटा म्हणजे जास्त करंट, एवढा संबंध खरा आहे. पण वेगळ्या जातीच्या दोन बॅटऱ्यांची तुलना एएचवरून केली की फसगत ठरलेली.

सेल्फची बॅटरी आणि इन्व्हर्टरची बॅटरी, आत फरक काय असतो?

दोन्हीत शिसं आणि गंधकाचं ॲसिडच. फरक प्लेटांच्या जाडीचा आणि संख्येचा.

सेल्फच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. क्षणात मोठा करंट द्यायचा तर प्लेटेच्या छिद्रांत आधीच मुरलेलं ॲसिडच कामाला येतं, बाहेरचं ॲसिड आत झिरपायला वेळ लागतो. जितका पृष्ठभाग जास्त, तितकी ही "हाताशी असलेली" रसद जास्त. लांब सेल्फ मारून बॅटरी दमली आणि मिनिटभर थांबल्यावर पुन्हा दमदार फिरली, असं होतं ते यामुळेच. तेवढ्या वेळात छिद्रांत ताजं ॲसिड शिरलेलं असतं.

ट्यूब्युलर बॅटरीत पॉझिटिव्ह प्लेट म्हणजे शिशाच्या उभ्या काड्या, त्यांच्याभोवती विणलेल्या नळ्या आणि नळ्यांत ठासलेला मसाला (वीज साठवणारं शिशाचं संयुग). मसाला गळत नाही, म्हणून रोज खोलवर उतरली तरी वर्षानुवर्षं टिकते. पण पृष्ठभाग कमी आणि अंतर्गत रोध (करंटला आतून होणारा अडथळा) जास्त.

भारतीय मानकंसुद्धा वेगवेगळी आहेत. वाहनांच्या बॅटऱ्यांना आयएस ७३७२ आणि आयएस १४२५७ लागतात, एकाच कवचात सगळे सेल असलेल्या ट्यूब्युलर (मोनोब्लॉक) बॅटरीला आयएस १३३६९. स्टिकरवर कुठला क्रमांक आहे एवढं वाचलं तरी दुकानदाराने कुठली जात पुढे केली आहे ते कळतं.

घरची इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूब्युलर ट्रॅक्टरला लावली तर? एएच तर जास्त आहे.

इंजिन गरम असेल तर बहुतेक वेळा लागेल, आणि म्हणूनच लोकांना वाटतं जमलं. पहाटे गार इंजिनाला मात्र व्होल्टेज इतकं खाली येईल की सेल्फ रेंगाळेल. शिवाय ती उंच आणि जड असते, ट्रॅक्टरच्या पेटीत धड बसत नाही, आणि ती घरात एका जागी उभी राहण्यासाठी बांधलेली असते. ढेकळांतले धक्के काड्यांच्या जोडांना सोसत नाहीत. एखाद्या दिवसाची अडचण भागवा, पण कायमची लावू नका.

उलट, ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला?

नको. पातळ प्लेटांचा मसाला प्रत्येक खोल उतारात फुगतो-आकसतो आणि गळून तळाला बसतो. काही डझन वेळा पूर्ण उतरली की तिचा दम जातो, शंभर-दीडशेच्या पुढे क्वचितच जाते.

स्टिकरवर सीसीए लिहिलेलं असतं. ते काय, आणि सगळ्यांचं सारखं असतं का?

सीसीए म्हणजे थंडीत सेल्फ फिरवण्याची ताकद, अँपिअरमध्ये. सारखं नसतं, आणि गोंधळ इथेच आहे.

अमेरिकेच्या एसएई पद्धतीत पूर्ण भरलेली बॅटरी उणे १८ अंशांवर ठेवून ३० सेकंद तो करंट ओढतात. शेवटी निदान ७.२ व्होल्ट राहायला हवेत. युरोपच्या ईएन पद्धतीत तापमान तेच, पण १० सेकंदांनंतर ७.५ व्होल्ट. जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत ३० सेकंदांनंतर ९ व्होल्ट मागतात, ही परीक्षा सगळ्यांत कडक. त्यामुळे तीच बॅटरी एसएईने ६०० ची असेल तर डीआयएनने साडेतीनशेच्या आसपासच भरते, आणि ईएनने साडेपाचशेच्या वर. आकडा कमी म्हणून बॅटरी वाईट, असं नाही. शेजारी कुठली अक्षरं आहेत ते आधी बघा.

नुसतं "सीए" लिहिलं असेल तर तो शून्य अंशावरचा आकडा असतो, म्हणजे सीसीएपेक्षा साधारण चौथा हिस्सा फुगलेला. दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून एकीचं सीए आणि दुसरीचं सीसीए ताडून बघणं म्हणजे क्विंटल आणि मणाची तुलना. आणि ज्या बॅटरीवर एएच ठळक आहे पण सीसीए कुठेच नाही, ती सेल्फसाठी घेताना दोनदा विचार करा.

आपल्याकडे उणे १८ कुठे असतं? मग सीसीए का बघायचं?

कारण तो आकडा अंतर्गत रोधाचा आरसा आहे. ज्या बॅटरीचा सीसीए जास्त, तिचा रोध कमी, मग बाहेर निफाडचा जानेवारी असो की चंद्रपूरचा मे.

माझ्या इंजिनाला किती सीसीए लागेल?

आधी इंजिनाची पुस्तिका. तिथे बॅटरीचा आकार, व्होल्टेज आणि क्षमता दिलेली असते, तीच अंतिम. पुस्तिका हरवली असेल तर चालणारा आडाखा असा: डिझेल इंजिनाला दर लिटर सुमारे १२० सीसीए, पेट्रोलला त्याच्या निम्मे. म्हणजे तीन लिटरच्या तीन-सिलिंडर ट्रॅक्टरला ३६०. बॅटरी जुनी होते तसा सीसीए घसरतो, म्हणून वर २५ ते ३० टक्के धरा. ४५० ते ४७० झालं. आकडा एसएईचा धरलेला आहे.

त्यापेक्षा मोठी लावली तर बिघडत नाही. सेल्फ हवा तेवढाच करंट ओढतो, "मोठ्या बॅटरीने सेल्फ जळतो" हे खरं नाही. अडचण येते ती जागेची, पट्टीची आणि खिशाची. पट्टी मात्र घट्टच हवी: ट्रॅक्टरवर सैल नाचणारी बॅटरी दोन हंगामांत आतून खिळखिळी होते.

नवी बॅटरी टाकली तरी सेल्फ कट-कट-कट करतो. बॅटरी खराब आली का?

शक्यता कमी. आधी तारा बघा. नवी बॅटरी परत करायला आलेल्या लोकांपैकी बऱ्याच जणांचा दोष लगमध्ये (बॅटरीच्या खांबावर आवळलेल्या केबलच्या टोकात) निघतो.

कट-कट आवाज कसा येतो ते समजलं की शोधणं सोपं जातं. चावी फिरवली की सॉलनॉइड (सेल्फवरचा विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो आणि मुख्य संपर्क जुळतो. ३०० अँपिअर धावू लागतात, वाटेतल्या रोधामुळे व्होल्टेज कोसळतं, सॉलनॉइडला धरून ठेवायला ताकद उरत नाही, तो सुटतो. करंट थांबला की व्होल्टेज परत वर, पुन्हा ओढला जातो. सेकंदात कित्येकदा. एकच "टक्" येऊन शांतता झाली तर मामला वेगळा: सॉलनॉइडचे तांब्याचे संपर्क जळलेले, सेल्फमधले कार्बन ब्रश झिजलेले किंवा सेल्फ अडकलेला.

तारेचं गणित करा. तांब्याच्या ३५ चौरस मिलिमीटर केबलचा रोध मीटरला अर्धा मिलीओहम. जाणं-येणं धरून ५ मीटर असेल तर अडीच मिलीओहम, ३०० अँपिअरला पाऊण व्होल्ट गेला. तेच कुणी स्वस्तात १६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर १.६ व्होल्ट तारेतच जळाले. चांगल्या बॅटरीचा स्वतःचा रोध ४ ते ६ मिलीओहमच्या आसपास असतो, म्हणजे बारीक केबल टाकणं हे बॅटरी अर्धी म्हातारी करण्यासारखंच आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही मिळते. एक तार सुरीने खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो.

मोजायचं असं. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर. इंजिन लागू नये म्हणून डिझेल बंद करायची दोरी ओढून ठेवा. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने बघायचं:

लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (लगवर नव्हे, मधल्या शिशाच्या खांबावर), काळा सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. मग एक प्रोब निगेटिव्ह खांबावर, दुसरा सेल्फच्या बॉडीवर. इथेही अर्ध्याच्या आत. जिथे जास्त येईल तिथे एकेक जोड स्वतंत्र मोजा. एका जोडावर ०.२ व्होल्टच्या वर म्हणजे तो जोड उघडून घासा.

बहुतेक वेळा चोर सापडतो तो अर्थिंगच्या बाजूला: चेसिसला जिथे पट्टी लावली आहे तिथे खाली रंग किंवा गंज असतो. रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करा, स्प्रिंग वॉशर टाकून आवळा, वरून ग्रीस. पांढरट-हिरवी पावडर जमलेले लग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. बूचं घट्ट हवीत, ते पाणी आत जाता कामा नये. पेट्रोलियम जेली लग आवळल्यानंतर वरून लावायची.

एक सवय विशेष वाईट. लग सैल झाला की खांबाभोवती पत्र्याची चकती किंवा खिळा ठोकणं. खिळा शिशात एका रेषेवर टेकतो, तेवढ्याच जागेतून सगळा करंट जातो, खांब तापतो आणि वितळतो. नवा लग टाका.

बॅटरी चांगली आहे की नाही हे घरी कसं तपासायचं?

तीन गोष्टी, याच क्रमाने.

पहिली, विश्रांतीतलं व्होल्टेज. इंजिन बंद करून रात्रभर ठेवा. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, म्हणजे वरवरचा चार्ज उतरतो. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळपास उतरलेली. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे, चार्जर लावून वेळ घालवू नका.

दुसरी, हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडचा दाटपणा (गुरुत्व) मोजणारी नळी. बूचं असलेल्या बॅटरीत याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. भरलेल्या बॅटरीचं गुरुत्व आपल्याकडे १.२४० ते १.२६० च्या घरात ठेवतात, नेमका आकडा स्टिकरवर असतो. ही गुरुत्वं २७ अंशांची. दर १० अंश वाढीला वाचन सुमारे ०.००७ ने कमी दिसतं, तेवढं मिळवा. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा सहा सेलमधला फरक जास्त सांगतो. पाच सेल १.२४५ आणि एक १.१८० असेल तर तो सेल गेला. पाणी टाकल्या टाकल्या मोजू नका, ते वरच तरंगत असतं.

तिसरी, भार. मल्टीमीटर थेट खांबांवर लावून सेल्फ मारा. फिरताना ९.६ च्या वर राहिलं तर बॅटरी कामाची. दुकानातला लोड टेस्टर हेच मोजतो: सीसीएच्या निम्मा करंट, १५ सेकंद, साधारण २० अंशांच्या वर तापमान असताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. हातात धरायचे छोटे डिजिटल टेस्टर अंतर्गत रोध मोजून सीसीएचा अंदाज देतात. झटपट कामाला बरे आहेत, पण अर्धवट उतरलेल्या बॅटरीला ते सर्रास "बदला" म्हणतात. आधी भरा, मग तपासा.

मीटरवर १२.६ दाखवते, लाइट लागतात, सेल्फ मारला की सगळं काळोख. हे काय?

दोन कारणं. पहिलं, सैल किंवा गंजलेला लग. दुसरं, आतली सेल जोडणारी पट्टी तडकलेली. तडकलेल्या जागी केसाएवढा स्पर्श उरलेला असतो. मीटरला तेवढा पुरतो, दिव्यालाही पुरतो, ३०० अँपिअरला नाही. लग घासून, आवळूनही तेच होत असेल तर ही बॅटरी चार्जरला लावू नका आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. ती ठिणगी बॅटरीच्या आत, हायड्रोजन या स्फोटक वायूत पडते.

ठिणगी पाडून बॅटरी तपासली तर?

दोन टर्मिनलांवर तार घासून ठिणगी बघायची पद्धत अजून जिवंत आहे, दुर्दैवाने. अर्धमेली बॅटरीसुद्धा सुंदर ठिणगी पाडते, त्यामुळे कळत काहीच नाही. आणि चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीच्या बुचांतून हायड्रोजन येत असतो. स्फोट झाला की कवच फुटून ॲसिड थेट तोंडावर. बॅटरीवर वाकून काम करताना चष्मा हवाच, हातातलं कडं-अंगठी काढून ठेवलेली बरी.

लग काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून चेसिसला लागला तरी मग शॉर्ट होत नाही.

थंडीत त्रास होतो, पण बॅटरी मरते उन्हाळ्यात. हे कसं?

दोन्ही खरं. थंडीत रसायन मंदावतं आणि इंजिनातलं तेल घट्ट होतं, म्हणजे देणारा अशक्त आणि मागणारा हावरा. डिझेल इंजिन मिनिटाला १०० ते १५० फेऱ्यांच्या वर फिरलं नाही तर दाबलेली हवा डिझेल पेटवण्याइतकी तापत नाही. पण झीज होते ती उन्हाळ्यात: पॉझिटिव्ह जाळी खंगते, पाणी उडतं. ढोबळ नियम असा की तापमान कायम १० अंश जास्त राहिलं तर आयुष्य निम्म्यावर येतं. विदर्भातल्या मे महिन्यात जाळी खंगते, ट्रॅक्टर तरीही लागत राहतो, आणि डिसेंबरातल्या पहिल्या गार सकाळी बिल फाटतं.

जनसेटला २४ व्होल्ट का?

ताकद तीच ठेवून व्होल्टेज दुप्पट केलं की करंट निम्मा होतो, आणि त्याच तारेतला व्होल्टेजचा तोटाही निम्मा. २४ मधला अर्धा व्होल्ट म्हणजे १२ मधल्या पाव व्होल्टाइतकीच झळ. मोठ्या इंजिनांना म्हणून दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. सिरीजमध्ये सीसीए वाढत नाही, एकीचा असतो तोच राहतो. पॅरललमध्ये बेरीज होते.

दोन बॅटऱ्यांच्या जोडीतली एकच बदलली तर चालेल?

नाही. जुनीचा रोध जास्त आणि क्षमता कमी. सिरीजमध्ये चार्जर दोघींना मिळून २७ व्होल्ट देतो, वाटणी मात्र समान होत नाही: एक जास्त भरून उकळते, दुसरी अर्धपोटी राहून प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरते. वर्षभरात नवीही जुनीच्या वयाची होते. जोडी एका कंपनीची, एका मॉडेलची आणि शक्यतो एकाच महिन्यातली घ्या.

याच आजाराचं दुसरं रूप ट्रकमध्ये दिसतं. २४ व्होल्टच्या जोडीतल्या चेसिसला जोडलेल्या बॅटरीवरून १२ व्होल्टचा टेप किंवा मोबाइल चार्जर जोडलेला असतो. ती एकटी उतरत राहते. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर काही बॅटरीइतका महाग नाही.

ट्रॅक्टरवर मोठा साउंड आहे. वेगळी बॅटरी लागेल का?

गळीत हंगामात ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरचे स्पीकर पाहता हा प्रश्न रास्तच आहे. कारखान्याच्या रांगेत तासन् तास इंजिन बंद ठेवून ॲम्प्लिफायर चालू राहिला तर सेल्फच्या बॅटरीचं ते खोल उतरणंच झालं, आणि तिला तेच सोसत नाही. साउंडला वेगळी बॅटरी द्या, मध्ये आयसोलेटर किंवा व्होल्टेजवर चालणारा रिले टाका. म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही भरतात, बंद असताना सेल्फची बॅटरी बाजूला राहते. साउंडची बॅटरी ट्यूब्युलर नको (धक्के), खोल उतारासाठी बनवलेली एजीएम बरी (ती काय, ते पुढच्या प्रश्नात). तिच्या पॉझिटिव्ह तारेला, बॅटरीपासून वीतभराच्या आत, फ्यूज. सेल्फ न मारता घरंगळत सुरू व्हावा म्हणून ट्रॅक्टर उतारावर उभा करायची युक्ती सगळ्यांना माहीत असते, पण कारखान्याचं आवार सपाट असतं.

एजीएम घ्यावी का? जेल?

एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, प्लेटा दाबून बसवलेल्या असतात. रोध कमी, धक्के सोसते, सांडत नाही. झटक्याच्या करंटला उत्तमच. पण इंजिनाला खेटून उष्णतेत ठेवली आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्ट देऊ लागला, तर उडालेलं पाणी परत टाकता येत नाही. किंमतही बरीच जास्त. रोज शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरला साधी बूचवाली बॅटरी आमच्या मते आजही शहाणपणाची, कारण ती उघडून बघता येते. जेल बॅटरी सेल्फसाठी घेऊ नका, ती सावकाश आणि खोल कामाची आहे.

जनसेट महिनोन् महिने उभा असतो आणि नेमका लाइट गेल्यावर लागत नाही.

जनसेट न लागण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण बॅटरीच. उभ्या मशीनचा कंट्रोलर समजा १०० मिलीअँपिअर खातो. दिवसाला २.४ एएच, वीस दिवसांत ४८. ८८ एएचची बॅटरी निम्मी रिकामी, आणि सल्फेट धरलेलं वेगळंच.

इलाज म्हणजे स्थिर व्होल्टेजचा, कायम लावून ठेवायचा फ्लोट चार्जर, १२ व्होल्टला १३.५ च्या आसपास, २४ ला २७. खोलीत ४० अंश असतील तर दर १२ व्होल्टमागे साधारण ०.३ ते ०.४ व्होल्ट कमी हवं. तापमान ओळखणारा चार्जर ते स्वतः करतो. रोहित्र आणि दोन डायोडचा साधा चार्जर कायम लावून ठेवू नका, मेनचं व्होल्टेज वाढलं की तो बॅटरी उकळतो. आठवड्यातून एकदा मशीन लावताना सेल्फच्या क्षणाचं सगळ्यांत खालचं व्होल्टेज मीटरच्या "मिन" बटणावर धरा आणि चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहा. १०.४, १०.३, १०.३ असे आकडे येत असताना एकदम ९.७ आला, की महिन्याभरात बॅटरी बदला, लाइट जायची वाट बघू नका.

एका वेळी किती सेकंद सेल्फ मारावा?

१० सेकंद, मग निदान अर्धा मिनिट थांबा. तीन वेळा लागलं नाही तर दोन-तीन मिनिटं थांबा आणि डिझेल बघा: हवा धरली असेल, फिल्टर तुंबला असेल. विश्रांती बॅटरीपेक्षा सेल्फलाच जास्त लागते.

हायड्रॉलिक लिफ्टची मोटर मिनिटभर १५०-२०० अँपिअर ओढते. तिथे सेल्फचीच बॅटरी?

हा मधला प्रांत आहे. २०० अँपिअर ६० सेकंद म्हणजे ३.३ एएच, एका सेल्फच्या आठपट. दिवसात वीस फेऱ्या झाल्या आणि इंजिन बंदच राहिलं तर ६६ एएच गेले. दोन्ही कामं करणारी बॅटरी घ्या, तिच्यावर सीसीए आणि उतरण्या-भरण्याच्या फेऱ्या दोन्ही लिहिलेलं असतं. किंवा नियम करा, लिफ्ट चालवताना इंजिन चालू.

संगणकाच्या यूपीएसचं गणित आणखी वेगळं. तिथे १०-१५ मिनिटांचा मोठा भार असतो, म्हणून चांगल्या एसएमएफ (पाणी टाकावं न लागणाऱ्या, बंद) बॅटरीच्या तक्त्यात सेलमागे किती वॅट, किती मिनिटं, असे आकडे देतात. एएच सारखं दिसलं तरी तो तक्ता बघूनच निवडा.

पाणी किती टाकायचं, आणि कुठलं?

प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर, बूचाच्या नळीच्या तळापर्यंत. चार्ज झाल्यावर टाका, आधी भरलं तर चार्जिंगमध्ये बाहेर येतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. एसीचं ठिबकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण तांबं-ॲल्युमिनियमच्या पंख्यांवरून धूळ घेऊन येतं. फिल्टरच्या पाण्यातलं क्लोराइड पॉझिटिव्ह जाळी खातं, लोह असेल तर बॅटरी बसल्या बसल्या उतरते.

पातळी कमी झाली म्हणून ॲसिड कधीच टाकू नका. उडालं ते पाणी, ॲसिड आतच आहे. ॲस्पिरिनच्या गोळ्या, मीठ, तुरटी यांनी तळाला गळलेला मसाला वर चढत नाही.

दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करायची तर क्रम काय?

दोन्हीचं व्होल्टेज एकच आहे ना, हे पहिलं. १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरला ट्रकच्या जोडीचे २४ लावून कंट्रोलर आणि दिवे जाळल्याची उदाहरणं दर हंगामात होतात. लाल: आधी उतरलेलीच्या पॉझिटिव्हला, मग भरलेलीच्या. काळी: आधी भरलेलीच्या निगेटिव्हला, शेवटचं टोक बंद इंजिनाच्या जाड लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटची ठिणगी तिथेच पडते. पाच मिनिटं तशीच ठेवून मग सेल्फ मारा. काढताना उलटा क्रम.

दुकानात काय बघून घ्यायचं, आणि जुनीचं काय करायचं?

बनल्याचा महिना आणि वर्ष कवचावर किंवा खांबावर ठोकलेलं असतं, दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांहून जुनी भरलेली बॅटरी नको. समोर व्होल्टेज मोजा: १२.५ च्या खाली असेल तर भरून मागा. खांब कुठल्या बाजूला आहेत ते जुनीशी जुळवा, उलट आली तर केबल ताणावी लागते आणि ताणलेला लग सैल होतो. वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का तिथेच घ्या. दोन सारख्या आकाराच्या, सारख्या एएचच्या बॅटऱ्यांत जी वजनाला स्पष्ट हलकी, तिच्यात शिसं कमी.

जुनी बॅटरी दुकानातच द्या, तिचे पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनुसार ती भंगारात किंवा उकिरड्यावर टाकता येत नाही, नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडेच जायला हवी. "ॲसिड ओतून हलकी करून आणा" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका: विहिरीजवळच्या मातीत ॲसिडबरोबर शिसंही उतरतं. ती उभीच, बूचं लावून न्या, ट्रॉलीत आडवी टाकली की ॲसिड सांडतं.